गाडी बंद पडते तेव्हा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'आयटी क्षेत्रातली माझी वाटचाल'. मी तो बदलून मागितला. कारण मेळाव्याचं ठरल्यापासून आपल्या बॅचच्या ग्रुपवर मला जेवढे प्रश्न आले, त्यातला एकही आयटीबद्दल नव्हता. सगळे प्रश्न आमच्या गाडीबद्दल होते. म्हणजे त्या घरवजा गाडीबद्दल, जिला कोणी कॅराव्हॅन म्हणतं, कोणी मोटरहोम, आणि आमची आई 'बिऱ्हाड' म्हणते. प्रश्न मुख्यतः तीन होते. आत संडास आहे का? अॅव्हरेज किती देते? आणि रस्त्यात कुठे बंद पडली तर?

पहिल्या दोघांची उत्तरं लगेच देते. संडास आहे, छोटा आहे, आणि तो रिकामा करायचं काम आळीपाळीने करायचं हे आमच्या घरात लेखी ठरलेलं आहे. अॅव्हरेज आठ-नऊ. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला दिलेली पंधरा मिनिटं लागतील.

आधी गाडी काय आहे ते सांगते. बारा-पंधरा माणसं बसतात तशी एक डिझेल व्हॅन असते, तिच्या आतल्या सीट काढून एका बॉडीबिल्डरकडून दोन पलंग, ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी, छोटा फ्रीज आणि या सगळ्यासाठी वेगळी बॅटरी बसवून घेतली. भरल्यावर वजन चार टनांच्या आसपास जातं, तरी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. इथे कोणाच्या मनात असलं काही करायचं असेल तर एक लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. अशा गाड्यांसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानक आहे, आणि आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं आहे. तेव्हा कागदपत्रं आधी, पलंग नंतर.

आता बंद पडण्याबद्दल. खेडच्या माणसाला हे शिकवायला नको. आपण कशेडी घाटाच्या पायथ्याशी वाढलो. आज बोगद्यातून काही मिनिटांत पोलादपूरच्या बाजूला निघता येतं, पण आपल्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे घाट आलाच, आणि घाटात बॉनेट उघडून उभे असलेले ट्रक आलेच. चाकाला दगड लावलेला, किन्नर डबा घेऊन झऱ्यावर गेलेला, आणि ड्रायव्हर बिडी ओढत कठड्यावर बसलेला. त्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर कधी घबराट दिसली नाही. 'तापलीय, निवेल' एवढंच. मला आता वाटतं, आपल्या भागाने आपल्याला दिलेलं ते एक शिक्षणच होतं.

तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे की माझे बाबा इथल्याच एसटी आगारात मेकॅनिक होते. आज ते मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांच्यासमोर बोलताना मला जरा जपून बोलावं लागणार आहे. माझ्या हातात इंजिनीअरिंगची पदवी आहे, पण गाडीबद्दल मला जे येतं त्यातलं निम्मं त्यांच्याकडून आलं. आणि तेही फार उशिरा. निवृत्तीनंतर त्यांचे हात कापायला लागले. पाना धरता येईना. म्हणून आमच्या गाडीत एक व्यवस्था आपोआप पडली: डोळे आणि डोकं त्यांचं, हात माझे.

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही पुण्याहून लेहला जायला निघालो. मी, नवरा, मुलगी आणि आई-बाबा. आईला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, म्हणून डॉक्टरांनी तिला मनालीपर्यंतच परवानगी दिली होती. बाबांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, आणि 'जायला हरकत नाही, पण उंची हळूहळू चढा' असं सांगितलं. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या लांबच्या रस्त्याला लावून दिल्या. स्वतः ते कधी नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. लेह ही त्यांची इच्छा होती.

पहिली अडचण दुसऱ्याच दिवशी आली. धुळे सोडून इंदूरच्या रस्त्याला लागलं की महाराष्ट्र-मध्य प्रदेशच्या सीमेवर सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट लागतो. दुपारची वेळ, गाडी पूर्ण भरलेली, आणि तापमानाचा काटा चढायला लागला. लाल रेषेला टेकायच्या आत बाजूला घेतली. नवरा पाण्याची बाटली घेऊन पुढे आला. बाबा म्हणाले, "झाकणाला हात लावायचा नाही. चाळीस मिनिटं. चहा टाका."

हा नियम त्यांनी सांगितला, कारण मी सांगते. कूलिंगची यंत्रणा बंद आणि दाबाखाली असते. दाब वाढला की उकळबिंदू वाढतो, आपल्या घरातल्या कुकरचंच तत्त्व. त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पण झाकण उघडलं की दाब एकदम जातो, त्या क्षणी सगळं पाणी उकळून वाफेसकट अंगावर येतं. रेडिएटरने चेहरा भाजलेली माणसं बाबांनी पाहिली आहेत.

निवल्यावर टॉर्च घेऊन बघितलं. रेडिएटरला जाणारा वरचा रबरी पाइप क्लिपपाशी चिरला होता, आणि त्यातून दाब आला की बारीक धार उडत होती. गाडी उभी असताना थेंबही पडत नव्हता. बाबांनी विचारलं, "पाइप लांबीला किती सैल आहे?" बोटभर होता. मग एक्सॉ ब्लेडने चिरलेलं टोक सरळ कापून टाकलं, उरलेला पाइप पुन्हा चढवला, क्लिप आवळली, पाणी भरलं. इंदूरला नवीन पाइप आणि नीट कूलंट. खर्च किरकोळ, वेळ दीड तास, त्यातली चाळीस मिनिटं चहा.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. बुंदी सोडून टोंकच्या दिशेने जात होतो. बाहेर चव्वेचाळीस अंश. मुलीने पाणी काढायला फ्रीज उघडला आणि म्हणाली, "आई, आत दिवा लागत नाहीये." फ्रीजमध्ये आईचं महिन्याभराचं इन्सुलिन होतं. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेला पेन साधारण तीस अंशांच्या खाली काही आठवडे टिकतो. पण चव्वेचाळीस अंशांत उभ्या गाडीच्या पत्र्याखाली ते किती तास टिकेल, हा प्रश्न होता. आईला लागतं ते नेमकं औषध रस्त्यावरच्या लहान गावात मिळेलच असं नव्हतं. आई काही बोलली नाही. ती फक्त पदराने त्या डब्याला वारा घालत बसली, आणि ते बघून माझे हात थोडे थरथरले हे खरं आहे.

एका ढाब्यावर थांबलो. ढाब्याच्या मालकीणबाईंनी न विचारता उपाय काढला. एक मोठा माठ पाण्याने भिजवला, त्याच्या आत लहान कोरडं मडकं, त्यात औषधाचा डबा, वरून ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी. अर्ध्या तासाने आत थर्मामीटर ठेवला तर सत्तावीसच्या आसपास. राजस्थानची हवा कोरडी म्हणून हे जमतं. पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे जूनमध्ये खेडला हाच माठ एवढा गार होणार नाही, कारण हवेतच पाणी भरलेलं असतं.

माठाने आम्हाला वेळ मिळवून दिला. आता दोष शोधायचा होता. इथे माझा रोजचा धंदा कामी आला. प्रोग्राम चुकतो तेव्हा आम्ही तो मधोमध तोडून बघतो: अर्ध्यापर्यंत बरोबर आहे का? असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात. मग त्याचं पुन्हा अर्धं. तसंच केलं. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने गाडीच्या मूळ बॅटरीवर बघितलं, चौदा व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर ठीक. घराच्या बॅटरीच्या दोन टोकांवर बघितलं, बाराच्याही खाली. म्हणजे चार्जिंग पोचत नव्हतं. फ्यूज ठीक, रिले ठीक. मग घराच्या बॅटरीचं प्लस टोक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बघितलं तर पूर्ण चौदा! करंट येताना शेवटपर्यंत येत होता, परत जायला त्याला वाट नव्हती. अर्थिंगची वायर सांगाड्याला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे खाली रंगाचा थर तसाच होता. खडखडाटाने बोल्ट सैल झाला आणि रंगामुळे संपर्क तुटला. पॉलिश पेपरने रंग घासला, पत्रा चमकेपर्यंत. वॉशर घातला, बोल्ट आवळला. फ्रीजचा दिवा लागला. बाबा म्हणाले, "जाताना सगळे बघतात, येताना कोणी बघत नाही." वायरिंगबद्दल म्हणाले, पण मी ते ऑफिसात भिंतीवर लावलं आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह होतो. १८८८ चा ऑगस्ट महिना. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी बनवली होती, पण तिच्यावर लांब जायला कोणी तयार नव्हतं. त्यांची पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन ती गाडी माहेरी घेऊन गेली, मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिला पायमोज्याच्या बंदाने आवरण केलं. इंधन संपलं, तर वाटेतल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास असा झाला, आणि रस्त्यातल्या दुरुस्त्या एका बाईने केल्या. म्हणून पेट्रोल पंपावर मी बॉनेट उघडते तेव्हा कोणी 'मॅडम, साहेबांना बोलवा' म्हणालं, तर मला राग येत नाही. मी त्यांना एकशे तीस-चाळीस वर्षं मागे पडलेले समजते.

मनालीला आई आणि मुलगी थांबल्या. आम्ही तिघं पुढे निघालो. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, नऊ किलोमीटरचा आहे, त्यामुळे रोहतांग चढावा लागत नाही. तांदीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही प्रसिद्ध पाटी बाबांनी दोनदा वाचली आणि मला टाकी काठोकाठ भरायला लावली. जिस्पाला, सुमारे ३,२०० मीटरवर, दोन रात्री राहिलो, शरीराला सवय व्हावी म्हणून. तिसऱ्या दिवशी पहाटे बारालाचा खिंडीकडे निघालो.

बारालाचा सुमारे ४,९०० मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासा जास्त असतो. पाणी चौऱ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, भात शिजता शिजत नाही. डिझेल इंजिनाला तेवढ्याच डिझेलसाठी हवा कमी पडते. आमची गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रखडायला लागली, मागून काळा धूर. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा. मी स्कॅनर लावून कोड वाचला. हवेच्या दाबाबद्दलची तक्रार होती. नव्या गाड्यांबद्दल एक सांगते: सेन्सर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते नाही. इथे गाडीत दोष काहीच नव्हता. एअर फिल्टर झटकला, घाई सोडली, आणि ती चढत राहिली.

मग मी बाजूला बघितलं. बाबा गप्प होते. डोकं दुखतंय म्हणाले. थोड्या वेळाने उलटी झाली. मी गाडी थांबवली. खिंड वर दिसत होती, आठ-दहा किलोमीटर असेल. नवरा माझ्याकडे बघत होता, मी बाबांकडे. मला माहीत होतं की उंचीच्या त्रासावर खरा उपाय एकच: खाली उतरणं. पण त्यांनी पन्नास वर्षं मनात धरलेली गोष्ट मी त्यांच्या तोंडावर कशी मोडायची, हे मला सुचत नव्हतं.

बाबांनीच सोडवलं. तुमच्यापैकी ज्यांचे वडील आगारात होते त्यांना ठाऊक असेल, ब्रेक मनासारखा लागत नसेल तर मेकॅनिक गाडी मार्गावर सोडत नाही. फलाटावर पॅसेंजर ओरडत असतात, कंट्रोलर घड्याळ दाखवत असतो, तरी नाही. बाबांनी तशा कितीतरी गाड्या रोखल्या आणि त्यासाठी कितीतरी शिव्या खाल्ल्या. त्यांनी सीटवर मान टेकून डोळे मिटले आणि म्हणाले, "बाय, गाडी ठीक हाय. मी नाय. ही फेरी रद्द."

आम्ही वळलो. उतरताना त्यांचा जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. सतत दाबलेला ब्रेक तापतो, ब्रेकचं तेल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पेडल दाबलं तरी रिकामं खाली जातं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. जिस्पाला पोचेपर्यंत बाबांचा रंग परत आला होता. संध्याकाळी त्यांनी थोडा वरणभात खाल्ला. केलाँगच्या डॉक्टरांनी तपासून आणखी खाली जायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मनालीला आईजवळ होतो.

म्हणजे आम्ही लेहला पोचलो नाही. ग्रुपवर मी फोटो टाकले तेव्हा अनेकांना वाटलं पोचलो, म्हणून आज स्पष्ट सांगते. त्या प्रवासात मी तीन दुरुस्त्या पाहिल्या. एक पाइप, एक बोल्ट, आणि तिसरी ती वळवलेली गाडी. तिसरी सगळ्यांत अवघड होती, आणि ती करणाऱ्याच्या हातात पानाही नव्हता.

आता व्यवहाराचं बोलते, कारण जेवणानंतर तुम्ही विचारणारच. गाडीत काय ठेवावं? पाने आणि पेचकस, मल्टिमीटर, टॉर्च, फॅन बेल्ट, दोन-चार मापांच्या क्लिपा, फ्यूज, डिझेल फिल्टर, इन्सुलेशन टेप, तार, पाच लिटर पाणी जे प्यायचं नाही, आणि चांगला जॅक. स्टेपनीतली हवा दर पंधरवड्याला बघा, ती नेमकी गरजेच्या दिवशी बसलेली असते. रोज सकाळी निघण्याआधी गाडीखाली वाकून बघा, काही ठिबकलंय का. आणि रस्त्यावरच्या मिस्त्रीला कमी समजू नका. परतीच्या वाटेवर डिझेलमध्ये पाणी आलं आणि गाडी बंद पडली, तेव्हा टिनाच्या टपरीतल्या एका तरुण पोराने नुसता आवाज ऐकून सांगितलं, 'फिल्टर खोलो.' त्याने पाणी काढलं, हाताच्या पंपाने एअर काढली, वीस मिनिटांत गाडी चालू. मी स्कॅनर शोधत होते तोवर.

शेवटी शाळेबद्दल. आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलांना फ्यूज बांधायला शिकवत आणि मुलींना काज-बटण. तेव्हा सगळीकडे तसंच होतं. पण आपल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा मला मुलांच्या रांगेत उभं केलं आणि टेस्टर हातात दिला. सर आज इथे आहेत. सर, बुंदीच्या पुढे त्या ढाब्यावर मल्टिमीटरची टोकं धरताना मला तुमचा टेस्टर आठवला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

म्हणून बॅचपुढे एक प्रस्ताव ठेवते. मेळाव्याचा जो निधी उरेल, त्यातून शाळेला एक हत्यारांचं कपाट देऊ. पाने, मल्टिमीटर, एक जुनं स्कूटरचं इंजिन, एक पाण्याचा पंप, खोलून पुन्हा जोडायला. आपल्यात भरण्याला गॅरेज चालवणारे आहेत, लोट्याच्या एमआयडीसीत काम करणारे आहेत, वायरमन आहेत. प्रत्येकाने वर्षातला एक शनिवार द्यावा. नववीच्या मुला-मुलींना, दोघांनाही, एकाच रांगेत उभं करून शिकवू. माझे दोन शनिवार आत्ताच लिहून घ्या. बाबांनीही एक दिला आहे. हात त्यांचे कापतात, पण मुलांचे हात आहेत की.

नावं नोंदवायची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी सही करा.